काटकसर की चिकटपणा? (चवथीच्या हिशेबावरून घरात पेटलेला वाद)

तांबडी_माती

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण घरात विचारला की भांडण होतं, म्हणून इथे विचारतो.

आमचं मूळ घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. चवथीला सगळी भावंडं तिथेच जमतात. गणपती एकच, पाच दिवसांचा, खर्चाच्या चार वाटण्या. आजवर हिशेब थोरले काका ठेवायचे, म्हणजे डोक्यात ठेवायचे. विसर्जन झालं की ते एक आकडा सांगत, आम्ही तेवढे देत असू, विषय संपला. यंदा काकांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि कारभार धाकट्या चुलतभावाकडे आला. तो पर्वरीला असतो, नोकरी चांगली, नवरा-बायको दोघं कमावतात. मागच्या आठवड्यात त्याने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कपातीची यादीच टाकली.

फटाके पूर्ण बंद. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) निम्मी, बाजारातून विकत काही आणायचं नाही, आपल्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) आणि परसात मिळेल तेवढंच बांधायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला नेवऱ्या (करंज्या) ताटलीत मोजून दोन. भजनी मंडळाचं पाकीट अर्धं, 'तसेही ते गावचेच'. चवथीआधी नारळ पाडायला पाडेली येतो, त्याला झाडामागे मागतो त्यापेक्षा कमी द्यायचे आणि वर दोन आडसरं (शहाळी) देऊन गप्प करायचं. घरकामाला येणाऱ्या बाईला दरवर्षी साडी देतो ती बंद, कारण 'तिला सरकारच्या गृह आधार योजनेचे दीड हजार मिळतात'.

शेवटी लिहिलंय, 'काटकसर करू या, कंजुषी नको.' त्यावर तीन अंगठे आले. काकी आणि माझी बायको, दोघींनी वाचलं आणि काही लिहिलं नाही. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळतो.

यातलं काही मला पटतं, काही अजिबात नाही. पण रेघ कुठे मारायची ते शब्दांत सांगता येत नाही. तुम्ही कशी मारता?

सुकोबांगडो

पॉपकॉर्न परवडत नाही. भाजलेले शेंगदाणे घेऊन बसलो आहे.

फोंड्याची_सून

माटोळीपासून सुरुवात करते. तुमच्या भावाला त्या एका बाबतीत माझे शंभर मार्क. माटोळी म्हणजे चवथीच्या दिवसांत आपल्या भोवतीच्या मातीत जे पिकतं, रानात जे लागतं ते देवाच्या डोक्यावर बांधायचं. सुपारीचा कातरो, नारळाची पेंड, केळ्यांचा घड, चिबूड, दोडकी, तोरिंगं, कांगलां, घागऱ्या. माझ्या माहेरी आजोबा आठवडाभर आधी रानात जायचे आणि जे मिळेल ते आणायचे. एखाद्या वर्षी तोरिंग नाही मिळालं तर नाही. आता फोंड्याच्या बाजारात लोक दर न विचारता पिशव्या भरतात आणि नंतर फोटो कुणाच्या माटोळीचा मोठा यावर चढाओढ. कला आणि संस्कृती संचालनालयाची माटोळीची स्पर्धा असते, तिथे रानातल्या शेकडो वस्तू ओळखून बांधणारे लोक असतात, त्यांची गोष्ट निराळी, तो अभ्यास आहे. पण परसातली भेंडी टाकून बाजारातलं सफरचंद टांगायचं हे मला कधीच कळलं नाही.

तेव्हा निम्मी माटोळी हा चिकटपणा नव्हे. ती जुन्या वळणावर आणलेली माटोळी आहे.

सत्तरीचो

ताई, तुमचं पटलं, पण एक बाजू राहिली. चवथीच्या आदल्या दोनतीन दिवसांत साखळी, डिचोली, फोंड्याला रस्त्याच्या कडेला टोपल्या घेऊन ज्या बायका बसतात त्या आमच्या गावांतल्या. कांगलां आणायला पावसात, जळवांत रानात शिरावं लागतं. त्या दोनतीन दिवसांच्या विक्रीवर त्यांची स्वतःची चवथ होते. सगळ्यांनी 'परसातलंच बांधू' ठरवलं तर काटकसर होईल पर्वरीत आणि खोट येईल सत्तरीत.

माझं म्हणणं, सफरचंद बंद करा, मोसंबी बंद करा, त्या बाईकडून एक जुडी घ्या. घासाघीस न करता.

मांडवीपार_पुणेकर

मी मूळचा पुण्याचा, इथे बारा-पंधरा वर्षं आहे, त्यामुळे कंजुषीवर बोलायचा मला जन्मसिद्ध अधिकार आहे असं माझे इथले मित्र म्हणतात.

सगळे त्या चुलतभावावर तुटून पडायच्या आधी मूळ पोस्ट परत वाचा. 'विसर्जन झालं की काका आकडा सांगत, आम्ही तेवढे देत असू.' पाच दिवस, एवढं मोठं घर, जेवणावळी, भटजी, भजनं. काकांनी सांगितलेला आकडा आणि खरा खर्च यांच्यात किती फरक होता हे कुणी कधी विचारलं? तो फरक कोण भरत होतं? वहीत एका माणसाने दोन नेवऱ्या लिहिल्या तर तो चिकट, आणि तीन वाटेकरी दरवर्षी काकांच्या पेन्शनीवर चवथ खातात ते दिलदार?

तांबडी_माती

पुणेकर, लागलं. आकडा काका कमी सांगायचे हे आम्हाला अंदाजाने माहीत होतं. विचारलं असतं तर त्यांनी 'तुका कित्याक ती पंचायत' म्हणून उडवून लावलं असतं, हेही खरं.

मांडवीपार_पुणेकर

उडवून लावतील म्हणून न विचारणं फार सोयीचं असतं, एवढंच म्हणतो.

एक_निवृत्त_मास्तर

मी पेडण्याकडचा. वय विचारू नका, १९५५ ची नाकेबंदी आठवते एवढं पुरे. भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि बेळगावकडून, सावंतवाडीकडून येणारी भाजी, बटाटे, कापड सगळं थांबलं. मग पोर्तुगीज सरकारने बटाटे हॉलंडहून आणले, चहा सिलोनचा, तांदूळ पाकिस्तानातून. आम्हा मुलांना त्याची गंमत वाटायची, मोठ्यांना नाही. आमचा बाप तेव्हा दोऱ्याचा तुकडासुद्धा गुंडाळून खुंटीला लावत असे.

आणि नाकेबंदी नसती तरी पावसाळा होताच. पुरुमेंत हा शब्द इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्यात उकडे तांदूळ, मीठ, मिरच्या, चिंच, आमसुलं, सुके बांगडे, गालमो (सुकी बारीक कोळंबी) भरून ठेवायचं. फणसाची बिकणां (आठळ्या) मातीत घोळवून ठेवायची, तोरं (कोवळ्या कैऱ्या) मिठात घालायची. मडगावला आजही मे-अखेरीस पुरुमेंताचं फेस्त भरतं, तिथे हिंदू-ख्रिस्ती सगळ्यांची तीच खरेदी. आता जूनच्या १ तारखेपासून जुलैच्या ३१ पर्यंत ट्रॉलरना मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीचं मोल कळतं. आम्हाला ते बारा महिने कळायचं.

पण हे साठवलेलं कशासाठी होतं? आषाढात धो धो पावसात दारात कुणी आलं तर चुलीवर भात असावा म्हणून. आमच्या घरी एका बांगड्याचे चार तुकडे व्हायचे आणि पाचवा माणूस आला तर पाच. बापाने कुणाला 'जेवून आलास ना?' असं कधी विचारलं नाही. गावात दुसरं एक घर होतं, नाव घेत नाही, त्यांच्या कोठारात आमच्या चौपट माल. पाऊस संपल्यावर ते किडलेली डाळ गुरांना घालत. शेजाऱ्याला मागितली तर म्हणत, संपली.

मुलांनो, मी शाळेत गणित शिकवत होतो. तरी सांगतो, या दोन घरांतला फरक बेरीज-वजाबाकीने निघत नाही.

चुडत

मी पाडेलीवर बोलतो, कारण आमची माडांची बागायत आहे आणि दर काही महिन्यांनी हा प्रश्न माझ्या डोक्यावर, अक्षरशः डोक्यावर, येऊन पडतो.

पाडेली मिळत नाही. जुने म्हातारे झाले, त्यांची पोरं चढत नाहीत, आणि का चढावीत? पावसाळ्यात ओला माड, पाय घसरला तर विमा नाही, पेन्शन नाही. नारळ विकास मंडळ माडावर चढायचं यंत्र वापरायचं प्रशिक्षण देतं, त्यातून काही तरुण आलेत, पण गावागणिक एकसुद्धा नाही. मधल्या काळात नारळाचा दर एवढा चढला की चवथीला लोक नारळ तोळ्यांत मोजतात की काय असं वाटायला लागलं. म्हणजे माल महाग झाला तो बागायतदाराच्या फायद्यात, आणि तो माल खाली आणणाऱ्याला मात्र जुना दर.

माझा नियम साधा आहे. दर बोलायचा तो तो जमिनीवर असताना. महाग वाटला तर म्हणा, बाबा, यंदा दहाच माड पाड, बाकीचे नंतर. तो 'होय' म्हणेल किंवा निघून जाईल, दोघंही मोकळे. पण तो चढून, पाडून, घाम पुसत खाली आला आणि मग तुम्ही 'एवढे कसे रे?' सुरू केलंत, तर तो काय करणार? नारळ परत माडाला लावणार? त्या वेळी माणूस अडलेला असतो आणि आपल्याला ते माहीत असतं. तुमच्या भावाच्या यादीत जे 'दोन आडसरं देऊन गप्प करायचं' आहे ना, ते हेच. आडसरं पाडेलीला रीतीने देतातच, मजुरीच्या वर. ती मजुरीत वळती करायची नसतात.

पोदेराकडे (पाववाल्याकडे), मासळीवालीकडे, कुठेही लावून बघा. मासळीवालीने बांगडे कापून साफ केल्यावर भाव पाडणारे लोक मी म्हापशाच्या बाजारात पाहिलेत. आणि तिच्याशी टोपलीपाशी बसून अर्धा तास हुज्जत घालणाऱ्या म्हाताऱ्याही पाहिल्यात. त्या म्हाताऱ्यांबद्दल मासळीवालीची तक्रार नसते. तो खेळ दोघींचा असतो.

फोंड्याची_सून

चुडतबाब, हे फार बरोबर बोललात. +१

नळ्यांचे_घर

वेगळा मुद्दा, थोडक्यात. चिकटपणा स्वतःलाही महाग पडतो. आमच्या शेजारी सलग काही वर्षं पावसाआधी छपराचे नळे (कौलं) परतले नाहीत, मजुरी वाचवली. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस. आधी एक वासा कुजला, मग रीप, मग भिंत फुगली. शेवटी वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट घालून पत्रे चढवावे लागले आणि आता उन्हाळ्यात आत भट्टी. याला मी काटकसरही म्हणत नाही आणि कंजुषीही नाही. हा नुसता आळशी हिशेब.

केळीचे_पान

इतका वेळ वाचत होते. धागाकर्त्याने लिहिलंय की काकी आणि त्यांची बायको गप्प बसल्या, आणि त्यावर एकालाही थांबावंसं वाटलं नाही. पुरुमेंत छान, माड छान. आता माझं ऐका.

माझे सासरे पंचक्रोशीत काटकसरी म्हणून नावाजलेले. कर्ज नाही, उधारी नाही, मुलींची लग्नं थाटात नाहीत पण नीट. लोक उदाहरण देत. त्या घरात मिक्सर कधी आला माहीत आहे? सासूबाईंचा खांदा उचलेनासा झाला आणि डॉक्टरांनी रगडो (वाटायचा दगड) बंद करायला सांगितला तेव्हा. तोवर रोजचं माश्याच्या हुमणाचं वाटप, चवथीला खतखत्याचं, जेवणाऱ्या पंचवीस माणसांचं, सगळं रगड्यावर. 'विजेचं बिल येतं.' बिल दिसायचं, खांदा दिसायचा नाही. गॅस आल्यावरही अंघोळीचं पाणी चुलीवर, नारळाची सोडणं आणि माडाची चुडतं जाळून, कारण ती फुकट. ती गोळा करायला, सुकवायला, पावसाआधी आत भरायला कोण होतं?

सासरे वाईट नव्हते. स्वतः ते दोन शर्टांवर वर्ष काढायचे. पण त्यांच्या बचतीतला मोठा हिस्सा दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगातून येत होता आणि नाव यांचं होत होतं.

आता यादीतल्या नेवऱ्या बघा. 'मोजून दोन' लिहिणाऱ्याला वाटलं असेल खोबरं, गूळ, तूप वाचेल. त्या लाटतं, भरतं, तळतं कोण? काकींना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, अरे, दोन काय, एकच दे, नाहीतर बाजारातून आण, माझी कंबर वाचेल. कदाचित त्यांना ती कपात आवडलीसुद्धा असती. विचारलंच नाही.

आणि गृह आधारबद्दल. ते १५०० रुपये सरकार गृहिणीला महागाईत घर चालवायला देतं. तिच्या मालकिणीला साडी वाचवायला नाही देत. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे २००० मिळतात म्हणून घरच्या म्हातारीची औषधं आणणं बंद करणारे मुलगेही मी पाहिलेत. तोच हिशेब.

सुकोबांगडो

शेंगदाणे बाजूला ठेवले.

झुआरीनगर_बी_विंग

वातावरण तंग झालंय म्हणून जरा हलकं. गोव्यात घर असणं हा काय गुन्हा आहे ते इथल्या सगळ्यांना माहीत. मुंबईचे एक नातेवाईक डिसेंबरात येतात. हॉटेल कशाला, तुम्ही आहात ना. फिरायला आमची गाडी कशाला, तुमची आहे ना. जाताना म्हणतात 'आम्ही फार साधे हो, आम्हाला कसली हौस नाही.' निघायच्या दिवशी पेट्रोलची टाकी आमच्याकडून पत्ता विचारून इथेच भरतात कारण महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, आणि काजू 'तुमच्या ओळखीने' मागतात. ओळखीने म्हणजे माझ्या खिशातून. गेल्या वर्षी त्यांना चोडणला फेरीबोटीने नेलं. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही हे कळल्यावर चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो काजूगरांनीही पसरला नव्हता. दोनदा पलीकडे जाऊन आले.

मांडवीपार_पुणेकर

नातेवाईक मुंबईचे होते हे नोंदवून ठेवतो. 🙏

अवांतर: यातला एक मुद्दा गंभीर आहे. तुम्ही त्यांना 'यंदा जमणार नाही' का म्हणत नाही?

झुआरीनगर_बी_विंग

आईची मामेबहीण. पुढचं बोलणं संपलं.

पर्वरीचा_धाकटा

नवीन सदस्य. धाग्यातला चुलतभाऊ मीच. बायकोने लिंक पाठवली.

दादा, तू ग्रुपवर विचारायच्या ऐवजी इथे विचारलंस त्याबद्दल घरी बोलू. इथे फक्त माझी बाजू मांडतो, कारण दहा अनोळखी लोकांनी मला ओळखून टाकलंय.

काकांनी वही दिली नाही, कारण वही नव्हतीच. पिशवीभर पावत्या दिल्या. त्या मी बसून लावल्या. पुणेकर म्हणतात तो फरक खरा आहे आणि तो लहान नाही. काका पेन्शन आणि काजूच्या पैशातून भरत होते. ते त्यांनी मला कुणाला सांगू नको म्हणून बजावलं, मी इथे सांगून टाकलं. आता ते गेले वर्षभर औषधांवर आहेत. मला तो फरक भरता येत नाही. दोघं कमावतो हे खरं, फ्लॅटचा हप्ता आणि बाबांचं डायलिसिस हेही खरं. वाटणी सरळ चारांत केली तर बेतीच्या आत्याला झेपणार नाही, ती येणंच बंद करेल. म्हणून खर्च खाली आणायचा ठरवलं. कुणाला तोडायला नाही.

नेवऱ्यांचं केळीचे_पान बाय म्हणाली ते मान्य, काकींशी काल बोललो. त्यांनी यंदा नेवऱ्या पन्नासच करायचं आणि बाकी लाडू विकत आणायचं ठरवलंय. लाडू महाग पडतात. पडू देत.

पाडेलीचं मात्र पटत नाही. तो यंदा जो दर मागतोय तो खरंच जास्त आहे.

चुडत

जास्त असेल. मग आजच फोन करून सांगा की आम्हाला एवढाच जमतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माडाखाली नको.

एक_निवृत्त_मास्तर

बाळा, तुझी पोस्ट वाचली. एक विचारतो. 'मला झेपत नाही' हे तीन शब्द ग्रुपवर लिहायच्या जागी तू भजनी मंडळासाठी 'तसेही ते गावचेच' लिहिलंस आणि कामवालीसाठी 'तिला दीड हजार मिळतात' लिहिलंस. का?

पर्वरीचा_धाकटा

मास्तर, पर्वरीला फ्लॅट असलेल्या माणसाने 'झेपत नाही' लिहिलं तर काय होतं ते तुम्हाला माहीत नसेल. लोक हसतात. काटकसर लिहिलं की अंगठे येतात.

केळीचे_पान

हसतील ते तीन दिवस. त्या बाईने मात्र तुमचं वाक्य वाचलं नसलं तरी साडी आली नाही हे तिला कळणारच, आणि कारण ती स्वतःच्या मनाने लावणार. तिला सरळ सांगा, यंदा घरात आजारपण आहे, हात आखडलाय. माझ्या अनुभवात असं ऐकून कामवाल्या नाराज होत नाहीत. न सांगता बंद झालेलं लक्षात ठेवतात.

तांबडी_माती

धाकट्या, बाबांचं डायलिसिस आठवड्यातून कितीदा असतं हेसुद्धा मला इथे वाचल्यावर विचारावंसं वाटलं. रविवारी येतो. पावत्यांची पिशवी काढून ठेव, वही माझ्याकडे दे. माझा हिस्सा यंदापासून दोन वाटण्या, आत्याची अर्धी. ग्रुपवर मीच लिहितो. साडी द्यायची, साधी द्यायची.

माटोळीला सत्तरीच्या बायकांकडून कांगलां घेऊ. तेवढे मी देतो.

सत्तरीचो

साखळीच्या बाजारात आदल्या दिवशी सकाळी लवकर या, दहानंतर उरत नाहीत.

सुकोबांगडो

सगळं मिटलं, भजनी मंडळाच्या पाकिटाचं कुणी बोललंच नाही. तुमच्या गावचा नाही, पण मी आमच्या मंडळात पखवाज वाजवतो, म्हणून आतली माहिती देतो. चवथीच्या एका रात्रीत आम्ही आठ-दहा घरं करतो. पाकिटातले पैसे वाटून घेत नाही. त्यातून पखवाजाची पुडी, पेटीची दुरुस्ती, टेंपोचं भाडं आणि वर्षभराच्या तालमीची वीज. उरलंच तर देवळाच्या सप्ताहाला. अर्धं पाकीट दिलंत तर कुणी बोलणार नाही, आम्हाला घरागणिक अंदाज असतो, कुठे काय चाललंय ते गावाला कळतं. एका घरात नोकरी गेली होती तेव्हा आम्हीच पाकीट परत टेबलावर ठेवून आलो होतो.

फक्त आमचा नंबर रात्री दीड-दोनला लागला तर चहा करायला कुणीतरी जागं असू द्या. आणि तो काकींनी केला पाहिजे असं नाही, पर्वरीवाल्यांनाही येत असेल.